पोत्याला बोलतं करणारी इंदूअक्का

इंदूअक्का पोत्यात हात घालायची तो कोपरापर्यंत. वरची मूठ तिला चालायची नाही. "वर समदे चांगलेच असतेत," म्हणायची. आत खोलवरचे चार दाणे काढायचे, तळव्यावर पसरायचे, हुंगायचे आणि एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट आवाज आला तर माल वाळलेला. आवाज दबका आला की ती शेतकऱ्याकडे न बघताच म्हणायची, "दोन दिवस उन्हात राहू द्या, मामा. मग आणा." आमच्या मिलमध्ये ओलावा मोजायचं यंत्र होतं. मी गुपचूप त्याच दाण्यांचा ओलावा मोजून बघायची. अक्काची दाढ क्वचितच चुकायची.

उदगीरच्या त्या डाळमिलमध्ये मी गुणवत्ता अधिकारी म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. घर नांदेडचं, वडील शिक्षक, हातात अन्नतंत्रज्ञानाची नवी पदवी. मिलचे मालक शिवराजअप्पा साठीचे, शांत, कमी बोलणारे. त्यांना डाळ मोठ्या दुकानांना विकायची होती, आणि मोठी दुकानं विचारत होती, तुमच्या डाळीचा माग लागतो का? म्हणजे उद्या एखाद्या पाकिटात काही निघालं, तर ती डाळ कुठल्या पोत्यातून आणि कुणाच्या शेतातून आली, आणि त्याच पोत्यातली उरलेली डाळ कुठं कुठं गेली, हे सांगता येईल का? ते सांगता यावं म्हणून मला नेमलं होतं.

पहिल्याच दिवशी मी छापील चिकटपट्ट्यांचं भेंडोळं घेऊन गेटवर गेले. गेटवर माल उतरून घ्यायचं काम इंदूअक्काकडे. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. शिक्षण सातवी. नवरा लवकर गेला. डाळ निवडायच्या कामावर लागली आणि पुढं गेटची मुखत्यार झाली. घरी अर्धं कानडी चालायचं, त्यामुळं तिच्या मराठीत मधूनच 'साकु' यायचं, म्हणजे पुरे.

मी दहा पोत्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. ती बाजूला उभी राहून बघत होती. दुपारी मला बोलावलं. दहातल्या सात पट्ट्या खाली पडल्या होत्या. तागाच्या पोत्याला धुळीत आणि उन्हात गोंद धरत नाही, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

"साकु, मॅडम," ती म्हणाली. हसली मात्र नाही. मग तिनं मला पोत्याचं शिवलेलं तोंड दाखवलं. प्रत्येक गावाच्या पोत्याला तिनं वेगळ्या रंगाचा दोरा ओवला होता, आणि दोऱ्याला जितक्या गाठी तितव्या क्रमांकाचा त्या गावचा शेतकरी. तिच्या वहीत गाव, नाव आणि गाठी लिहिलेल्या. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा डाळीत कीड निघाली, कुणाचा माल ते कळेना, आणि गेटवरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून तिनं दोरे सुरू केले.

"पोतं मुकं असतंय, मॅडम. आपुन त्याला तोंड द्यावं लागतंय."

मी तिला कायदा समजावून सांगितला. माल कुणाकडून आला ते एक पाऊल मागं, आणि कुणाकडं गेला ते एक पाऊल पुढं, एवढी नोंद ठेवली तरी चालतं.

"एक पाऊल मागं म्हंजी आडतीवर," ती म्हणाली. "हरभरा काय आडतीवर उगवतो का?"

आम्ही दोघींनी मिळून मग नवी रीत बसवली. दोरे तिचे राहिले. मी कापडी पट्टीवर पक्क्या शाईनं क्रमांक लिहून ती दोऱ्याबरोबर शिवायला लावली. तयार डाळीच्या गोणीवर घाणीचा क्रमांक, आणि आतल्या फळ्यावर कुठल्या घाणीत कुठली पोती गेली ते. घाणी म्हणजे एका वेळी यंत्रात घातलेला माल. संगणकात हे सगळं मी चढवायची. अक्का रोज संध्याकाळी माझ्या मागं उभी राहून विचारायची, "गेलं का समदं आत?" गेलं म्हटलं तरी वही ती स्वतःकडंच ठेवायची.

बांगड्यांची गोष्ट त्याच वर्षातली. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला की निवडण करणाऱ्या बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या नकोत. काच फुटून डाळीत गेली तर डोळ्यांना दिसत नाही. शेरा बरोबर होता. मी बायकांना एकत्र करून उद्यापासून बांगड्या काढून ठेवायच्या असं सांगितलं. गलका झाला. सवाशिणीनं हात मोकळे ठेवायचे? एकीनं अक्काकडं वळून फाडकन म्हटलं, "तुझं काय जातंय, अक्का? तुझ्या हातात हायतच कुठं!"

अक्का मात्र पोत्याचं तोंड शिवत होती ते शिवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या सुती साड्यांचं गाठोडं घेऊन आली. त्यात मनगटापासून कोपरापर्यंतच्या बाह्या होत्या, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. रात्रीतून किती शिवल्या कोण जाणे, पण प्रत्येकीला जोडी मिळाली. जी तोडून बोलली होती तिच्या हातात पहिली जोडी अक्कानं स्वतः चढवली. "बांगड्या आत ऱ्हाऊ द्या. येताना मोजायच्या, जाताना मोजायच्या. एक जरी कमी भरली तर पट्टा बंद, आन् घावल्याबिगर चालू न्हाई." पुढच्या तपासणीत साहेबांनी त्या बाह्या उलटसुलट करून बघितल्या, मोजणीची वही बघितली आणि मान हलवली.

त्या बाईनं मागाहून अक्काची माफी मागितली असं मी ऐकलं. अक्कानं मला त्यातलं काहीच सांगितलं नाही.

पण अक्का म्हटलं की मला जो दिवस आठवतो तो लग्नसराईतला, ऐन उन्हाळ्यातला. हरभरा डाळीला इतकी मागणी होती की यंत्रं थांबत नव्हती. मी कार्यालयात होते. एकाएकी मिलचा आवाज बंद पडला. सवय झालेला आवाज थांबला की कान दुखतात, तसं झालं. बाहेर आले तर यंत्रं थांबवायला लावून अक्का टरफलांच्या ढिगाजवळ उकिडवी बसली होती. हरभऱ्याचं टरफल जनावरांच्या खाद्याला जातं, त्याचा तो ढीग. तिच्या तळव्यावर पाचसहा टरफलं होती. त्यांच्या कडेला गुलाबी रंग होता.

"हे बियाण्याचं हाय," ती म्हणाली.

पेरणीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून औषध चोळतात. ते खायचं नाही हे उघड्या डोळ्यांना कळावं म्हणून त्यात रंग घालतात. असं बियाणं कुणीतरी विकायच्या हरभऱ्यात मिसळलं होतं. आणि मिलमध्ये काय होतं, तर टरफल निघून जातं. रंग सगळा टरफलाबरोबर जातो. खाली पडते ती पिवळीधमक डाळ, बघून कुणाला शंका यायची नाही.

अप्पा आले. फळा बघितला. त्या घाणीची डाळ वीस गोण्या. कालच ट्रकनं नांदेडच्या व्यापाऱ्याकडं पोचलेली.

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "थोडंच असेल. वीस गोण्यांत मूठभर. आत्ता फोन केला तर उद्या अख्ख्या बाजारात बोभाटा होईल. मोठी दुकानं आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

अप्पा वाईट माणूस नव्हते. घाबरले होते, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरले होते.

अक्का उठली, हात पदराला पुसले. "अप्पा, नाव गेलं तर परत कमावता येतंय. पोटात गेलेलं परत मागता येत न्हाई."

अप्पांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला.

व्यापाऱ्याला मी घाणीचा क्रमांक सांगितला. त्यानं माणसाला गोण्या बघायला पाठवलं. गोण्यांवर क्रमांक होते म्हणून ते काम थोडक्यात झालं. चौदा गोण्या त्याच्या गुदामात होत्या. दोन एका मिठाईवाल्याकडं गेल्या होत्या, त्यानं अजून उघडल्या नव्हत्या. उरलेल्या चार, व्यापारी म्हणाला, हिमायतनगरकडच्या मुलींच्या वसतिगृहात.

वसतिगृहाचा फोन कुणी उचलेना. दोनदा, तीनदा. अक्का माझ्या शेजारी उभी होती आणि तिची बोटं टेबलावर आपोआप दाणे निवडल्यासारखी चालली होती. चौथ्यांदा एका बाईचा आवाज आला. ती स्वयंपाकीण होती. मी कुठून सुरुवात करावी या विचारात होते तेवढ्यात अक्कानं फोन घेतला.

"बाई, हरभऱ्याची डाळ भिजू घातलाव का?"

"घातली की. आता चढवायचीच हाय. का वो?"

"चढवू नका. पाण्यासकट झाकून बाजूला ठिवा. जनावराला बी टाकू नका. त्यात औषध गेलंय."

त्या बाईचा आवाज चिरकला. "आवो, दीडशे पोरी हायत. त्यांला काय घालू मी?"

"मूग हाय का घरात?"

"हाय."

"मग खिचडी लावा. पोरी जरा उशिरा जेवतील, पन जेवतील. आन् बाई, डाळीला हात लागला आसंल तर साबनानं धुवा." मग आवाज मऊ करून म्हणाली, "तुमची काई चूक न्हाई. आमची हाय."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीवर बसली. कार्यालयातल्या खुर्चीवर अक्काला बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आता राहिलं होतं मागचं पाऊल. त्या घाणीत तीन शेतकऱ्यांचा माल गेला होता. रिकामी पोती अजून बाजूला पडलेली होती. अक्कानं एकेक पोतं उलटं करून झटकलं. तिसऱ्या शेतकऱ्याच्या पोत्याच्या शिवणीत गुलाबी भुकटी होती. दोरा हिरवा, गाठी चार. वही उघडायची गरज नव्हती. हिरवा दोरा म्हणजे बोरवाडी, तिचं माहेर. चौथी गाठ म्हणजे दत्तू, तिचा धाकटा भाऊ.

अप्पांसमोर तिनं सरळ सांगितलं. "माल माझ्या भावाचा हाय. त्या दिशी मी वरचं एकच पोतं बघितलं. भावाचं हाय म्हणून बाकीच्यात हातच घातला न्हाई."

अहवाल लिहायला मी बसले. मला तिची कीव आली. मी लिहिलं, 'एका शेतकऱ्याच्या मालातून.' अक्कानं वाचून बघितलं, बोट ठेवलं. "नाव लिवा. आन् गेटवर कुणी बघितलं न्हाई ते बी लिवा. माझं नाव लिवा."

मी लिहिलं. खाली तिनं सही केली, मग मी.

परत आलेल्या डाळीचे नमुने प्रयोगशाळेत गेले. औषधाचे अंश निघाले. सगळा माल नष्ट केला, टरफलाचा ढीगसुद्धा. मोठ्या दुकानाचे लोक आले, कागद बघितले, अक्काची वही बघितली. त्यांनी अप्पांना तंबी दिली. पण चूक सापडल्यापासून शेवटची गोणी थांबवेपर्यंत एक दुपारसुद्धा लागली नाही, हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. अप्पांची ही मोठी गिऱ्हाइकं टिकली. अक्कानं स्वतःहून एक नवा नियम मागून घेतला. आपल्या गावचा माल आपण तपासायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा. त्या कामासाठी तिनं निवडणीतल्या रेश्माला तयार केलं. रेश्मा म्हणजे तीच, बांगड्यांवरून अक्काला बोललेली.

दत्तू दोन दिवसांनी आला. गेटवरच मोठ्यानं बोलला, सगळ्यांदेखत. पेरणीतून उरलेलं अर्धं पोतं बियाणं घरात होतं. टाकून देणं जिवावर आलं. बायकोनं तीनदा धुतलं, वाळवलं, आणि नव्या मालात मिसळलं. त्यात काय एवढं? लबाडी होती का?

"तू माहेराला चोर केलीस," तो म्हणाला.

"चोर न्हाई म्हनले, दत्तू. चुकला म्हनले. माझ्यासकट."

तो निघून गेला. त्या वर्षी पंचमीला अक्काला माहेरचं बोलावणं आलं नाही. बाकीच्या बायका रजा घेऊन गेल्या. अक्का कामावर होती. मी जवळ जाऊन काही बोलणार तर म्हणाली, "मॅडम, तुमचा फळा पुसायचा ऱ्हायलाय."

पण ती गप्प बसणारी नव्हती. रब्बीच्या पेरणीआधी तिनं अप्पांकडं मिलची जीप मागितली. मला बरोबर घेतलं. ज्या ज्या गावांचा हरभरा आमच्याकडं यायचा त्या गावांत आम्ही गेलो. माझं भाषण लोक मान हलवत ऐकायचे आणि विसरायचे. अक्का मात्र पुरुषांना सोडून बायकांत जाऊन बसायची. बियाणं घरात सांभाळतं कोण, उरलेलं धुऊन वाळवतं कोण, तर बायका. "धुतल्यानं रंग जातोय, औषध न्हाई," ती सांगायची. "उरलेलं बियाणं कुलपात. बाजारात न्हाई, गोठ्यात न्हाई. काय करायचं ते कृषी सहायकाला इचारा." एका म्हातारीनं विचारलं, अन्न टाकणं पाप नव्हं का? अक्का म्हणाली, "ते अन्न असतंय कवा, आई? औषध लागलं तवाच त्याचं अन्नपन गेलं."

बोरवाडी तिनं शेवटी ठेवली. शाळेच्या ओसरीवर बायका जमल्या. समोरच्या लिंबाखाली दत्तू उभा होता, पाठ अर्धी वळवून. अक्कानं तिथं स्वतःची चूक आधी सांगितली, मग बाकीचं. भावाचं नाव घेतलं नाही. सगळ्या गावाला ते माहीत होतंच. परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "ऐकत हुता. शेवटपतूर उभा हुता."

हरभऱ्याचा हंगाम आला. एका सकाळी बोरवाडीचा टेम्पो गेटवर लागला. दत्तू उतरला. अक्का दोन पावलं मागं सरली आणि रेश्माला पुढं केलं. रेश्मानं पहिलं पोतं बघितलं, दुसरं बघितलं. दत्तूनं स्वतः एकेक पोत्याचं तोंड सोडून दिलं, शेवटच्यापर्यंत. मग टेम्पोच्या पुढच्या भागातून एक लहान पिशवी काढली. लाल चिंधीनं गच्च बांधलेली. ती त्यानं अक्कापुढं धरली.

"हे उरलेलं हाय. सहायक आठ दिसांपासनं गावला न्हाई. कुठं टाकायचं ते सांग."

अक्कानं पिशवी घेतली. चिंधीची गाठ ओढून बघितली. मग म्हणाली, "चहा घेतलास का?"

"न्हाई."

"मग बस."

मी आत निघून आले. त्यांना तिथं माझी गरज नव्हती.

पुढं मी लातूरला एका प्रयोगशाळेत लागले. अक्कानं काही वर्षांनी मिल सोडली. गेट रेश्मा बघते असं कळलं. अक्का बोरवाडीलाच राहायला गेली, दत्तूनं शेतातलं एक खोपट तिला नीट करून दिलं, असंही कळलं. मग फोन कमी होत गेले, जसे होतात.

गेल्या हिवाळ्यात ती अचानक माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभी. केस सगळे पांढरे, पण चाल तीच. हातात स्टीलचा डबा. बोरवाडीच्या अकरा बायकांनी मिळून मेतकूट आणि डाळीचे सांडगे करायला घेतले होते. परवाना मिळाला होता. पाकिटावर कुठल्या शेतातली डाळ, कुणी भाजली, कुठल्या दिवशी, सगळं छापायचं ठरलं होतं. विक्रीला काढायच्या आधी तपासून हवं होतं.

"ओळखीचं हाय म्हनून सोडू नका," तिनं बजावलं.

मी सोडलं नाही. दोन दिवसांनी ती अहवाल न्यायला परत आली. मेतकूट उत्तम होतं. सांडग्यांत ओलावा जास्त निघाला. तसेच पाकिटात भरले असते तर महिन्याभरात बुरशी धरली असती. मला सांगायला जड जात होतं. ती कागदावरचे आकडे बोटानं शोधत होती.

"म्हंजी नापास?"

"सांडगे नापास, अक्का."

ती एकदम हसली. दातांतली फट दिसली. "सातवीतनं पास होऊन निघाले त्याच्यानंतर आजच नापास झाले बघा." मग गंभीर झाली. किती दिवस वाळवायचे, सावलीत की उन्हात, पाकीट कसलं घ्यायचं, सगळं विचारून घेतलं. कागद चौघडी करून पिशवीत ठेवला. जेवायला थांब म्हटलं तर उदगीरची गाडी चुकेल म्हणाली.

थोड्या वेळानं मी खिडकीपाशी गेले. ती अजून फाटकाबाहेर होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावलेला. तिला फोनवर हळू बोलायची सवय कधीच नव्हती, त्यामुळं वरपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.

"हाव, समदे. एक बी ठिवू नको, समदे परत उन्हात घाल... न्हाई गं, रडायला काय झालं? बरं झालं, इथंच कळलं... कुनाची चूक ते मी आल्यावर बघू. आंगन झाडून घे आधी, ऊन हाय तवर."

आणि फोन कमरेला खोचून, डबा कडेवर घेऊन, ती बसस्थानकाच्या दिशेनं भराभर चालू लागली.